अंगण खरंच वाकडं होतं

शिकारीच्या गोष्टी ऐकताना एक हिशेब माझ्या ध्यानात आला आहे. शिकार साधली, तर ती शिकाऱ्याने साधलेली असते. हुकली, तर ती बंदुकीने हुकवलेली असते. वाघाचं माप सांगताना शिकाऱ्याची टेप लांबत जाते, आणि वाघ निसटलेला असला तर बंदुकीचे दोष लांबत जातात. ऐकणारे मान डोलावतात आणि घरी जाताना एकमेकांना म्हणतात, “नाचता येईना, अंगण वाकडं!”

ही म्हण आपल्याकडे फार लाडकी आहे. तिच्यात एकच अडचण आहे. ती नेहमी अंगणाची बाजू घेते. नाचणारीला हसून सगळे मोकळे होतात. अंगणाला पाणसळ लावून पाहायची बुद्धी कोणालाही होत नाही.

माझा स्वतःचा बंदुकीशी संबंध म्हणाल, तर आमच्या शाखेच्या दारातल्या बारा बोअरच्या दुनळीपुरता. ती उडताना मी कधी पाहिलेली नाही आणि निवृत्त होईपर्यंत पाहायची इच्छाही नाही. तिचं काम दिसण्याचं आहे आणि ते ती चोख करते. पण एका रायफलीची कहाणी मात्र मी फार मन लावून वाचली. कारण ती बंदुकीची कमी आणि बुडीत कर्जाची जास्त आहे. अर्जदार खानदानी, शिफारस वजनदार, तपासणी अहवाल अनुकूल, हप्ता पहिल्यापासून थकलेला, आणि शेवटी वसुली भलत्याच माणसाकडून!

अर्जदाराचं नाव सर चार्ल्स हेन्री ऑगस्टस फ्रेडरिक लॉकहार्ट रॉस. आमच्या खातं उघडायच्या फॉर्मवर हे मावायचं नाही. काउंटरवरचा माणूस विचारेल, “जॉइंट अकाउंट का?” पण हा एकच गृहस्थ होता, स्कॉटलंडमधला बडा जमीनदार, नववा बॅरोनेट आणि बंदुकांचा नादिष्ट. ऐन विशीत त्याने रायफलीचं पेटंट घेतलं होतं.

त्याची युक्ती खरोखर सुरेख होती. साध्या रायफलीचा बोल्ट दाराच्या कडीसारखा असतो: वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. चार हालचाली. रॉसचा बोल्ट सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. दोन हालचालींत काम फत्ते. निम्मे कष्ट वाचवणाऱ्या योजनेला कोणतंही सरकार भुलतं. कॅनडाचं भुललं.

त्यात कॅनडाची तेव्हा अडचणही होती. बोअर युद्धाच्या काळात त्यांना ब्रिटिश ली-एन्फील्ड रायफली हव्या होत्या. ब्रिटनला त्या पुरवता येईनात, आणि कॅनडात कारखाना काढायलाही तिकडचे कारखानदार तयार होईनात. अशा वेळी सर चार्ल्स पुढे झाले: कारखाना मी काढतो, मालाची हमी तुम्ही घ्या. १९०३ साली करार झाला. क्वेबेक शहरात, जिथे १७५९ साली इंग्रज-फ्रेंचांची मोठी लढाई झाली, त्याच मैदानावर कारखाना उभा राहिला. आपल्या देशाची, आपल्या कारखान्यातली रायफल! छाती फुगावी अशीच गोष्ट होती, आणि फुगलेल्या छातीला खालचं दिसत नाही.

करारापूर्वी चाचण्या झाल्या. त्यांत रायफल अडखळली. तपासणी समितीत सॅम ह्यूज नावाचे खासदार होते. रायफलवर त्यांचा इतका जीव, की दोष दिसला तरी तो काडतुसाचा असे. १९११ साली हे ह्यूजसाहेब थेट कॅनडाचे सैन्यमंत्री झाले. आता शिफारस करणारा आणि मंजुरी देणारा एकच! यापुढे काय होतं, ते कुठल्याही बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

पहिली तक्रार आली ती पोलिसांकडून. रॉयल नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस या कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांना रायफली दिल्या होत्या. १९०६ साली बार उडताना बोल्ट मागे उसळला आणि एका सार्जंट मेजरचा डोळा गेला. पोलिसांनी रायफली परत केल्या. मग कारखान्यात सुधारणा सुरू झाल्या. दर सुधारणेला नावापुढे एक तारा लागायचा. मार्क दोनला असे वाढत वाढत पाच तारे लागले. हॉटेलला पाच तारे लागले की आपण खिसा चाचपतो. रायफलीला लागले की डोळे चाचपावे लागतात, एवढाच फरक.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे जमेच्या बाजूला लिहायला हवी. रायफल नेमबाजीत अचूक होती. इंग्लंडमध्ये बिस्लीच्या मैदानावर राजाच्या नावाचं मोठं बक्षीस असे. १९११ आणि १९१३ साली ते रॉस वापरणाऱ्या कॅनेडियन नेमबाजांनी जिंकलं. टाळ्या झाल्या. पण बिस्लीला हिरवळ असते, नेमबाज पोटावर निवांत पडलेला असतो, काडतुसं निवडून आणलेली असतात आणि समोरचं लक्ष्य उलटून चावत नाही.

चावणारं लक्ष्य १९११ सालीच भेटलं. रॉसची शिकारीची रायफल .२८० बोअरची होती. तिची गोळी सेकंदाला सुमारे तीन हजार फूट जायची. त्या काळात हा वेग ऐकूनच शिकारी हुरळून जात. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांचे भाऊ जॉर्ज ग्रे ही रायफल घेऊन पूर्व आफ्रिकेत, नैरोबीच्या बाजूला, सिंहावर गेले. सिंह अंगावर आला. ग्रेंचा नेम चुकला नाही. गोळ्या लागल्या, पण हलकी, वेगवान गोळी वरच्यावर फुटायची, खोल जायची नाही. सिंह थांबला नाही. जखमी ग्रे पुढे काही दिवसांतच नैरोबीत वारले. नाचणारा नाचला होता, वाचकहो! अंगणच वाकडं होतं.

पण ग्रे हौसेने गेले होते, आणि रायफल त्यांनी स्वतः निवडली होती. पुढच्या माणसांना ती सरकारने हातात दिली.

१९१५ सालच्या एप्रिलची २२ तारीख. बेल्जममधलं ईप्र गाव. जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. शेजारची फळी कोसळली आणि कॅनडाची पहिली डिव्हिजन त्या खिंडारात उभी राहिली. हातात रॉस मार्क तीन. खंदकात चिखल, वर तोफा, नाकात क्लोरीन. भराभर गोळ्या झाडायला लागल्यावर रायफल तापली आणि बोल्ट बसला घट्ट. ओढला तरी हलेना. पोरं रायफल जमिनीवर टेकवून बोल्टला बुटाने लाथा मारू लागली. खंदक खणायच्या हत्याराचे दांडे हाणू लागली. दोन हालचालींचं यंत्र! आता एका गोळीला किती हालचाली लागत होत्या, ते त्यांनाच ठाऊक.

कारणं पुढे सापडली, आणि ती अगदीच मामुली होती. काडतूस बसायची जागा रॉसमध्ये फार नेमकी कोरलेली होती. कॅनडाची काडतुसं तिच्यात बेतशीर बसत. युद्धात घाईघाईने बनलेली ब्रिटिश काडतुसं किंचित जाड असत. ली-एन्फील्ड त्यांना पोटात घ्यायची, रॉसच्या घशात ती अडकायची. शिवाय बोल्ट मागे ओढला की त्याचा एक दात लहानशा अटकावावर आपटे. आपटून आपटून दाताची कड दबायची आणि मग तो खाचेत फिरेना. त्यात एक भर म्हणजे साफसफाईनंतर बोल्ट चुकीचा जोडला, तरी रायफल निमूटपणे मिटायची, पण कुलूप लागायचं नाही. बार उडाला की बोल्ट झाडणाऱ्याच्याच तोंडावर. आणि गोळी झाडली की संगीन गळून पडे, ते वेगळंच.

ईप्रच्या लढाईत या डिव्हिजनचे सहा हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. सगळी रक्कम रायफलीच्या नावे टाकता येणार नाही. वायू होता, तोफा होत्या. पण एक नोंद स्वच्छ तिच्याच खात्यावरची आहे. लढाईतून परतलेल्या सुमारे पाच हजारांपैकी १,४५२ जणांनी सरकारी रायफल टाकून दिली होती आणि पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या होत्या. सरकारी मालमत्ता टाकणं हा गुन्हा. तरी १,४५२ जणांनी तो केला. याहून स्पष्ट तपासणी अहवाल कोणता असू शकतो?

मंत्र्यांना तो वाचता आला नाही. दोष काडतुसांचा, दोष सैनिकांच्या शिस्तीचा, आणि तक्रार करणारे जनरल आल्डरसन यांचा तर सर्वांत मोठा! १९१६ च्या मार्चमध्ये ह्यूजनी आल्डरसनांना झणझणीत पत्र लिहिलं आणि त्याच्या प्रती शेकडो अधिकाऱ्यांना धाडल्या. म्हणजे आमच्याकडे हेड ऑफिसचं सर्क्युलर येतं ना, तसं. पहिल्या डिव्हिजनला १९१५ च्या जूनमध्येच ली-एन्फील्ड मिळाल्या होत्या. बाकीच्यांना १९१६ पर्यंत थांबावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ह्यूजसाहेबांना राजीनामा द्यावा लागला. १९१७ साली सरकारने कारखाना ताब्यात घेतला. नुकसानभरपाई म्हणून सर चार्ल्सना वीस लाख डॉलर मिळाले. ईप्रच्या खंदकात बोल्टला लाथा मारणाऱ्या पोराला काय मिळालं, याची नोंद त्या हिशेबात नाही.

गंमत अशी, की रायफल वाया गेली नाही. लपून एकेक नेम साधणाऱ्या निशाणबाजांनी ती युद्ध संपेपर्यंत सोडली नाही. ओजिब्वे जमातीचा फ्रान्सिस पेगामागाबो हा रॉसवाला. त्याच्या नावावर ३७८ बळींची नोंद सांगतात. त्याला घाई नव्हती, तो काडतूस निवडून घेऊ शकत होता, आणि एक गोळी झाडून तासभर गप्प बसणं हेच त्याचं काम होतं. हुशार माणूस चुकीच्या टेबलावर बसवला की ऑफिस बुडतं आणि योग्य टेबलावर बसवला की तोच तारतो, हा अनुभव कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही नवा नाही.

आणि ती जाडजूड काडतुसंही गिळणारी ली-एन्फील्ड? तीच आपली थ्री-नॉट-थ्री. ईप्रच्याच रणात २६ एप्रिलला लाहोर डिव्हिजनचे हिंदी जवान ती घेऊन चालून गेले होते. पुढे ती बंगालमध्ये इछापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनली आणि हवालदारांच्या खांद्यावर दिसत राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० साली. तिला राजाचं बक्षीस मिळवून देण्यापेक्षा चिखलात उडणं जास्त चांगलं जमत होतं.

म्हणून म्हणतो, पुढल्या वेळी कोणी अंगण वाकडं आहे म्हणाला, तर लगेच हसू नका. हसायला वेळ पुष्कळ आहे. आधी चपला काढून अंगणात उतरा. मंजुरीवर सही करणाऱ्याला ते कधीच वाकडं दिसत नाही, कारण तो ओसरीवर बसलेला असतो. ज्याला त्यावर नाचावं लागतं त्याच्या पायांना ते पहिल्याच पावलात कळतं.