छिन्नमनस्कतेतील पेशीविकृती

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) या दुर्धर मनोविकारात मृत रुग्णांच्या मेंदूंच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीतून असे निदर्शनास आले, की ललाटखंडाच्या बाह्यकातील तिसऱ्या थरात असणाऱ्या पिरॅमिडाकृती चेतापेशी सरसकट नष्ट झालेल्या नसून, ज्यांच्याद्वारे त्या अन्य पेशींचे संदेश ग्रहण करतात, ते शाखातंतूंवरील सूक्ष्म कंटक मात्र विरळ झालेले असतात. पौगंडावस्थेत पेशींच्या जोडण्यांची होणारी स्वाभाविक छाटणी येथे अतिरेकास जात असावी, हा मनोविकारतज्ज्ञ अर्विन फाइनबर्ग यांनी १९८० च्या दशकात मांडलेला तर्क या छाटणीशी निगडित असलेल्या सी४ जनुकाच्या २०१६ मधील संशोधनाने अधिक सबळ झाला. विकाराचा असा जैविक आधार पाहता, त्यासाठी रुग्णाच्या मातेस दोषी ठरविणारी एके काळची उपपत्ती अन्यायाची होती, हे येथे निःसंदिग्धपणे नमूद केले पाहिजे. निदान मात्र अद्यापि लक्षणांवरूनच करावे लागते.