जुन्या जॅग्वारचे ब्रेक : दुरुस्ती की बदल?

१/ १९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये जॅग्वारने ‘एक्सके १२०’ ही दोन आसनी गाडी सादर केली. नावातला आकडा तिच्या वेगाचा होता : ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर. एवढा वेग आवरण्याचे काम मात्र चारही चाकांवरच्या ड्रम ब्रेककडे होते. आज अशी गाडी बाळगणाऱ्यासमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो. मूळ ड्रम दुरुस्त करावेत, की ते काढून डिस्क ब्रेक बसवावेत? उत्तर शोधण्यासाठी १९५० च्या दशकात जावे लागते.

२/ ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आत कमानीच्या आकाराचे दोन शू असतात. पेडल दाबताच ते बाहेर पसरतात, त्यांवरचे लायनर ड्रमला घासतात आणि गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता बंद डब्यात कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरची पकडही कमी होते. पेडल खोल जात राहते आणि गाडी थांबत नाही. यालाच ब्रेक ‘फेड’ होणे म्हणतात.

३/ यावरचा उपाय विमानाच्या चाकांतून आला. विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवणाऱ्या डनलॉप कंपनीसोबत जॅग्वारने मोटारींवर चाचण्या सुरू केल्या. चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांचा त्यात मोठा वाटा होता. डिस्क म्हणजे उघडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. वारा लागून ती लवकर निवते. तापून फुगली तरी पॅडपासून दूर न जाता त्यांच्याकडेच सरकते.

४/ १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी फ्रान्समधील रॅंस येथे डिस्क लावलेली ‘सी-टाइप’ जॅग्वार जिंकून दाखवली. पुढच्याच वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी जिंकली. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर होता. या शर्यतीत ताशी १०० मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. सुमारे ६ किलोमीटरच्या सरळ रस्त्याअखेरीस तीव्र वळण येई. ड्रमवाल्यांना तिथे लवकर वेग कमी करावा लागे. जॅग्वारचे चालक अधिक उशिरा ब्रेक दाबू शकत.

५/ तरीही सामान्य ग्राहकाच्या जॅग्वारला डिस्क लगेच मिळाल्या नाहीत. १९५४ ची ‘एक्सके १४०’ ड्रमवरच धावली. डिस्क आल्या त्या १९५७ च्या ‘एक्सके १५०’ बरोबर. त्यामुळे आज एक्सके १२० ला डिस्क बसवणारा मालक कारखान्याने पुढे स्वीकारलेलीच वाट धरतो. मात्र मूळ गाडीत नसलेली गोष्ट तो तिच्यात आणतो, हेही तितकेच खरे.

६/ ब्रेकचा प्रश्न एकट्या गाडीपुरता नसतो, हे ११ जून १९५५ रोजी ल मान्समध्ये भीषणपणे दिसले. माइक हॉथॉर्न यांनी डिस्क असलेली ‘डी-टाइप’ जॅग्वार पिटकडे वळवण्यासाठी ब्रेक दाबले. मागच्या ऑस्टिन-हीलीचे चालक लान्स मॅक्लिन डावीकडे वळले. त्यांच्या मागून भरधाव येणारी पिएर लव्हेग यांची मर्सिडीज त्या गाडीवर आदळून प्रेक्षकांच्या दिशेने उडाली. लव्हेग यांच्यासह ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एका ब्रेकवर किंवा एका चालकावर याचे खापर फोडता येत नाही. पिटसमोरचा अरुंद रस्ताही कारणीभूत होता. पण एक गाडी किती अंतरात थांबते, यावर मागच्या-पुढच्या अनोळखी माणसांचे प्राणही अवलंबून असतात.

७/ मग आजच्या मालकाने काय करावे? पहिली पायरी प्रामाणिक दुरुस्तीची. ‘ड्रम वाईट’ अशी तक्रार अनेकदा ड्रमची नसते. अंडाकृती झालेला ड्रम, तेलाने माखलेले लायनर, गळके व्हील सिलिंडर, आतून फुगलेले रबरी होज, पाणी शोषलेले ब्रेक ऑइल ही त्यामागची नेहमीची कारणे. डबघाईला आलेल्या ड्रमची नव्या डिस्कशी तुलना करणे न्याय्य नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून त्यांची धूळ फुंकून उडवू नये.

८/ दुसरी पायरी बदलाची किंमत ओळखण्याची. अनेक ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक घट्ट ओढला जातो. डिस्कला ही मदत नसते, म्हणून पायाचा जोर किंवा सर्व्हो लागतो. मास्टर सिलिंडरचे माप आणि पुढच्या-मागच्या चाकांमधला तोलही नव्याने जुळवावा लागतो. नुसत्या डिस्क आणून लावल्या, तर मागची चाके आधी अडकून गाडी गिरकी घेऊ शकते.

९/ जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरीन सनदेचा कल स्पष्ट आहे : आवश्यक बदल कमीत कमी असावा, शक्यतो उलटवता यावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग जपून ठेवावेत.

१०/ महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००, हीसुद्धा चारही ड्रमवर चालली. खंडाळ्याचा घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे, ही शिस्त अशाच गाड्यांच्या काळातली.

११/ म्हणून निर्णयाचा निकष गाडीचे वय नसून तिचा रस्ता असावा. प्रदर्शन आणि रविवार-सकाळची फेरी एवढेच आयुष्य असेल, तर नीट दुरुस्त केलेले ड्रम पुरेसे आहेत आणि तेच इतिहासाशी इमान राखतात. महामार्गावरच्या आजच्या गाड्यांमध्ये किंवा घाटांत ती नियमित धावणार असेल, तर उलटवता येईल असा डिस्कचा बदल समर्थनीय ठरतो. काढलेले ड्रम मात्र भंगारात न देता नोंदीसह पेटीत ठेवावेत. पुढच्या पिढीला मूळ गाडी पाहायची असेल, तर ती त्या पेटीतूनच परत येईल.