जुना पेट्रोल फवारणी पंप गचके खात चालतो? स्क्रू फिरवण्याआधी टाकी तपासा

सोयाबीन फुलोऱ्यात आले आहे, पावसाने दोन दिवस उघडीप दिली आहे, औषध आणून ठेवले आहे, मजूरही मिळाला आहे आणि नेमका पाठीवरचा पेट्रोल पंप दम तोडायला लागतो. चाकूर भागात जुलै-ऑगस्टमध्ये ही तक्रार नेहमीची. बहुतेक पंप हरभऱ्यातील घाटेअळीच्या शेवटच्या फवारणीनंतर जानेवारीत टांगलेले असतात, ते थेट खरिपातच खाली उतरतात.

असा पंप रेटून चालवू नका. इंजिनाचा वेग खालीवर झाला की पंपाचा दाब खालीवर होतो. नोझलमधून कधी बारीक तुषार येतात, कधी मोठे थेंब. एका ओळीला औषध जास्त बसते, पुढच्या ओळीला कमी. चक्रीभुंगा किंवा खोडमाशीची अळी एकदा खोडात शिरली की नंतरच्या फवारणीने फारसे साधत नाही, म्हणून उघडिपीचे ते दोन दिवसच महत्त्वाचे असतात.

हत्यार हातात घेण्याआधी एक गोष्ट. पंपातील द्रावण फक्त औषधासाठी ठेवलेल्या बादलीत काढून झाका आणि पंप साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. हातमोजे घाला. जेट किंवा नोझल तोंडाने कधीही फुंकू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बंद पडलेला पंप भर शेतात उघडून बसणे हाही अंगावर औषध घेण्याचाच प्रकार आहे. पंप बांधावर, सावलीत आणा.

आता टाकी. माझ्या पाहण्यात दोष बहुतेक वेळा इंधनात निघतो, आणि लोक मात्र आधी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतात. मग मूळ दोष तसाच राहतो आणि वर सेटिंगही बिघडते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढते. टाकीत सहा महिने राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी वाढले की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंजिन तळातूनच ओढते. त्या थरात टू-टी ऑइल जवळपास नसते, म्हणजे पिस्टन कोरडा घासतो. टाकीतले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवा. दोन थर दिसले, तळाला थेंब दिसले किंवा वार्निशसारखा वास आला, तर ते पुन्हा वापरू नका.

नवीन मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये मापाने करा, टोपणाच्या अंदाजाने नको. पंपाच्या पुस्तिकेत २५:१ लिहिले असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिली, ५०:१ असेल तर २० मिली. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत, ते इंजिनात वेगळे भरतात. एकाच घरात दोन्ही पंप असतील तर कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पंप नीट सुरू होतो, पाच-दहा मिनिटांनी मरतो आणि टाकीचे झाकण सैल केले की पुन्हा चालतो, असे असेल तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. हे मिस्त्रीकडे न्यायचे काम नव्हे.

नवीन मिश्रणावरही गचके राहिले तर चोकची परीक्षा घ्या. इंजिन चालू असताना चोक थोडा ओढा. चाल सुधारली तर पेट्रोल कमी पोहोचते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. टाकीतील फिल्टर, कडक होऊन तडकलेली नळी, जेटमधील कचरा आणि कार्बोरेटरखालचे गॅस्केट या क्रमाने पाहा. जुन्या पंपात कार्बोरेटरचा रबरी पडदाही ताठर होतो, तो बदलावा लागतो. चोक ओढल्यावर चाल आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त होते आहे. मग एअर फिल्टर काढा. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि ऑइल यांचा त्यावर लेप बसतो. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, पण फिल्टरशिवाय पंप चालवू नका.

रेस सोडली तरी इंजिन आपोआप वाढत जात असेल तर ताबडतोब बंद करा. तो हवा गळतीचा इशारा असतो आणि पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

इंजिन गार झाल्यावर प्लग काढा. तपकिरी रंग ठीक. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर पेट्रोल कमी. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी असतो, पण पुस्तिकेतला आकडा धरा. काठ झिजलेला प्लग घासत बसण्यापेक्षा बदललेला परवडतो. ठिणगी तपासताना पेट्रोलचा कॅन दूर ठेवा.

प्लग, पेट्रोल, हवा सगळे ठीक असून इंजिन ओझे घेत नसेल तर सायलेन्सर काजळीने भरला आहे का पाहा. गार असताना चालते, तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, असे असेल तर कॉइलचा संशय घ्या. दोरी हळू ओढताना हाताला अडच लागत नसेल, तर रिंग किंवा सिलेंडर झिजले आहे. ही दोन्ही कामे मिस्त्रीची. पंप फार जुना असेल तर खर्च आधी विचारून घ्या.

दाब कमी केल्यावर इंजिन सुरळीत आणि दाब वाढवला की गचके, असे असेल तर पंपाची बाजूही तपासा. औषधाची जाळी तुंबलेली असते किंवा ग्रीसचा कप रिकामा असतो.

जानेवारीत पंप टांगताना टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.