कुंडांतील मासे आणि अणूचे किरण

आमच्या खानदेशाचा समुद्राशीं संबंध बाजारांत येणाऱ्या सुक्या बोंबलापुरताच, असें सोनगीरच्या एखाद्या तांबटास वाटलें तर नवल नाहीं. परंतु अणूच्या युगानें समुद्र आणि गांव यांमधील अंतर पुष्कळच कमी केलें. आणि याची पहिली परीक्षा माणसावर न होतां प्रयोगशाळेच्या कुंडांतील माशांवर झाली.

१९४३ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांत लॉरेन डोनाल्डसन यांच्या देखरेखीखालीं एक प्रयोगशाळा निघाली. तिचें नांव साधें, मत्स्यव्यवसायाचें. खरा धनी मात्र अणुबाँबचा गुप्त उद्योग होता. हॅनफर्ड येथील भट्ट्या निवविण्यासाठीं कोलंबिया नदीचें पाणी घ्यावयाचें व पुनः नदींतच सोडावयाचें होतें. सामन मासा याच नदींतून समुद्रांत उतरतो आणि अंडीं घालावयास परत येतो. मासे पटापट मेले असते तर कोळ्यांचा बोभाटा होऊन गुपितही फुटलें असतें! काळजी माशांची अधिक कीं गुपिताची अधिक, याचा निवाडा आम्ही वाचकांवर सोपवितों.

सामनचीं अंडीं, पिलें आणि मोठे मासे यांवर क्ष-किरण सोडून परिणाम पाहण्यांत आले. पद्धत निर्दोष दिसते. परंतु क्ष-किरण बाहेरून येतात आणि यंत्र बंद केलें कीं थांबतात. वाहत्या पाण्यांत गोष्ट निराळी. हॅनफर्डखालच्या माशांच्या अंगांत किरणोत्सर्गी फॉस्फरस पाण्यांतील प्रमाणाच्या हजारों पट सांठलेला आढळला. २५ जुलै १९४६ रोजीं बिकिनी येथें पाण्याखालीं बाँबस्फोट झाला. त्यानंतर तेथील एक मासा छायाचित्राच्या काचेवर ठेवतां त्यानें आपल्याच देहांतील किरणांनीं आपलें चित्र उमटविलें. कुंडांत जें बाहेर होतें, तें येथें पोटांत होतें.

पुढें डोनाल्डसन यांनीं सामनच्या अंड्यांस व पिलांस दिवसाला अर्धा राँट्जेन इतकी अल्प मात्रा देऊन तीं समुद्रांत सोडलीं. वर्षांनंतर परत आलेल्या माशांची संख्या किरण न दिलेल्यांहून कमी नव्हती. प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडणारा हा प्रयोग आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटतो. मात्र तो एका जातीचा व एका मात्रेचा होय, हें विसरतां येत नाहीं.

आपल्याकडे तुर्भे येथें अणुशक्तीचें केंद्र १९५४ सालीं निघालें व ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ भट्टी चालू झाली. शेजारींच मुंबईची खाडी. तिच्या गाळांत राहणाऱ्या एका शिंपीचें रक्त हिमोग्लोबिनमुळें आपल्यासारखेंच तांबडें असतें. पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या मुंबई बंदराच्या अभ्यासांत किरणोत्सर्गी द्रव्यें पाणी, गाळ व प्राणी यांत कशीं वांटलीं जातात, हा विषय घेतला. खाडींत किती सोडावयाचें हें ठरवितांना केवळ शिंपी जगते कीं मरते एवढें पाहून भागत नाहीं; ती अंगांत काय सांठविते आणि ती वेंचणारी कोळीण घरीं किती नेते, तेंही मोजावें लागतें.