तांब्याची तार, दोन मोडेम आणि एक समेट

१/१३
जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल यांची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि दूरध्वनीच्या जुन्याच तारेला एक नवी पेटी जोडली गेली. अशा कित्येक मोडेमच्या सेटिंगमध्ये ‘टी१.४१३’, ‘जी.डीएमटी’, ‘जी.लाइट’, ‘मल्टीमोड’ अशी अगम्य नावे आढळत. ही नावे एका तांत्रिक वादाचे आणि त्यातून निघालेल्या समेटाचे अवशेष आहेत. त्या समेटाची ही हकिकत.

२/१३
ही तार मुळात संभाषणासाठी टाकलेली. दोन तारांना पीळ देऊन शेजारच्या तारांचा उपद्रव कमी करण्याच्या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतले. माणसाच्या आवाजाला सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. पुढे लांब तारांवर लोडिंग कॉइल बसवल्या गेल्या. त्यांनी आवाज सुधारला, पण त्या पट्ट्यापलीकडची वाट बंद केली. म्हणून ब्रॉडबँड देण्यापूर्वी त्या काढाव्या लागत.

३/१३
१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेलकोर संस्थेचे जोसेफ लेचलायडर यांनी एक विचार मांडला. घराकडे येणारा प्रवाह मोठा आणि घरातून जाणारा लहान ठेवला, तर एकाच केबलमधील तारा परस्परांना कमी त्रास देतील. एडीएसएलमधील ‘असममित’ हे विशेषण इथून आले. तेव्हा डोळ्यांसमोर इंटरनेट नव्हते, मागणीनुसार घरी चित्रपट पोहोचवण्याचा बेत होता.

४/१३
अडचण होती गोंगाटाची. अंतर वाढते तसा उच्च वारंवारतेचा संदेश झपाट्याने क्षीण होतो. त्यातच वीज चमकते, कुठे मोटार सुरू होते, आणि क्षणार्धात सलग शेकडो बिट बिघडतात. बोलताना कानाला केवळ ‘खट्’ ऐकू येते. चित्राच्या प्रवाहात मात्र पडदा फाटतो.

५/१३
यावरचा उपाय आधीच शोधला गेला होता. बेल लॅबमध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर गणिते लावून जात. चूक आढळताच यंत्र ते काम सोडून देई. चूक झाल्याचे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून १९५० मध्ये त्यांचा चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांवरील निबंध प्रसिद्ध झाला.

६/१३
१९६० मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतील आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी अधिक समर्थ संकेत मांडला. माहितीच्या गठ्ठ्याला काही तपासणी-बाइट जोडायचे. असे १६ बाइट जोडले, तर त्या गठ्ठ्यातील कोणतेही ८ बिघडलेले बाइट मुळाबरहुकूम परत मिळतात. पुढे कॉम्पॅक्ट डिस्कने हाच संकेत वापरला, आणि एडीएसएलनेही.

७/१३
पण सलग शंभर बाइट बिघडले तर? त्यावर इंटरलीव्हिंग, म्हणजे सरमिसळ. पोथीचा एक कोपरा भिजला की एक अख्खा श्लोक जातो. तीच अक्षरे अनेक पानांवर विखुरली असती, तर प्रत्येक श्लोकाचे एखादेच अक्षर गेले असते, आणि ते वृत्त व अर्थ यांवरून जाणकाराने भरून काढले असते. सरमिसळ मोठ्या आघाताचे असे लहान लहान घाव करते.

८/१३
याची किंमत होती विलंब. विखुरलेले बाइट पुन्हा जुळेपर्यंत थांबावे लागते. चित्रपटाला काही मिलिसेकंदांनी फरक पडत नाही, संभाषणाला आणि खेळाला पडतो. म्हणूनच मानकात दोन मार्ग ठेवले गेले: सरमिसळ करणारा, आणि ती टाळणारा ‘जलद’ मार्ग.

९/१३
खरा वाद मात्र संदेश तारेवर घालण्याच्या पद्धतीवरून पेटला. ‘कॅप’ ही एटी अँड टीच्या गोटातील पद्धत सगळा पट्टा एकाच रुंद संदेशासाठी वापरी. ‘डीएमटी’चे पुरस्कर्ते स्टॅनफर्डचे जॉन चिओफी आणि त्यांची अमाती ही कंपनी. त्यांनी पट्टा सुमारे ४.३ किलोहर्ट्झच्या २५६ अरुंद वाहिन्यांत विभागला. स्वच्छ वाहिनीवर अधिक बिट, गोंगाटाच्या वाहिनीवर कमी.

१०/१३
१९९३ मध्ये बेलकोरच्या चाचण्यांत डीएमटी सरस ठरली आणि अमेरिकेच्या मानक समितीने तिची निवड केली. १९९५ मध्ये ‘टी१.४१३’ हे मानक आले. तरीही कॅपची उपकरणे अनेक दूरध्वनी कंपन्यांनी बसवली होती. केंद्रात कॅप आणि घरी डीएमटी असेल, तर तार उत्तम असूनही दोन्ही टोके परस्परांना मुकी. ग्राहक केंद्रातल्या यंत्राशी बांधला गेला.

११/१३
पद्धत एक असूनही भागत नव्हते. तपासणी-बाइट किती, सरमिसळ किती खोल, कोणत्या वाहिनीवर किती बिट, हे दोन्ही टोकांना सारखेच ठाऊक हवे. एका टोकाने चुकीचा समज करून घेतला, तर दुरुस्तीचे गणितच चुका निर्माण करते. मोडेम सुरू होताना दिवा बराच वेळ लुकलुके, तो याच वाटाघाटींमुळे.

१२/१३
जानेवारी १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंटेल आणि कॉम्पॅक यांनी दूरध्वनी कंपन्यांसह समान मानकासाठी गट स्थापन केला. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘जी.डीएमटी’ आणि सोपे ‘जी.लाइट’ मंजूर केले. सोबत एक हस्तांदोलनाचा नियमही आला: आधी आपापली क्षमता सांगा, मग समाईक भाषा निवडा. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांना जोडून तपासली जाऊ लागली.

१३/१३
२०१० मध्ये बिघडलेला भाग पुन्हा पाठवण्याची सोयही मानकात आली आणि सरमिसळीचा विलंब बराच टळला. आज तांब्याची जागा काच घेत आहे. हॅमिंग, रीड आणि सॉलोमन यांच्या गणिताने चूक दुरुस्त होऊ शकते हे सिद्ध केले होते. ती घरोघरी दुरुस्त होऊ लागली, कारण प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दोन्ही टोकांसाठी एकच नियम मान्य केला. ‘मल्टीमोड’ हा सेटिंगमधला शब्द त्या समेटाचीच खूण होता.