'कोच' आणि कीर्तनातले प्रश्न

मूर्तिजापूरच्या माणसाला 'कोच' हा शब्द प्रथम भेटतो तो रेल्वेच्या फलाटावर. मुंबई-हावडा मार्गावरचे हे जंक्शन. येथूनच एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला शकुंतलेचे अरुंद रूळ जात. (ती गाडी आता बंद आहे, तो विषय वेगळा, आणि दुखरा.) गंमत अशी की, कंपन्यांच्या दालनांत 'एक्झिक्युटिव्ह कोच' म्हणून आज जो शब्द प्रतिष्ठा पावला आहे, तोही मूळचा वाहनाचाच. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तेथील घोडागाड्या पंधराव्या शतकापासून नावाजल्या आणि गावाचे नाव गाडीला लागले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षा पार करवून देणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने तेच नाव दिले. पुढे ते क्रीडांगणावर गेले आणि तेथून कचेरीत. टिमथी गॅलवे या टेनिस-शिक्षकाचे पुस्तक १९७४ मध्ये आले, जॉन व्हिटमोर यांचे १९९२ मध्ये, आणि १९९५ मध्ये या व्यावसायिकांचा आंतरराष्ट्रीय महासंघच स्थापन झाला.

या व्यवसायाचे मर्म थोडक्यात असे, की सांगायचे कमी आणि विचारायचे अधिक. कुशल अभियंत्याला बढती मिळते आणि तो अधिकारी होतो. त्या दिवसापासून त्याचे स्वतःचे कौशल्य त्याला पुरेनासे होते. आता काम इतरांकडून करवून घ्यायचे असते. अशा वेळी उपदेश फारसा कामी येत नाही. तुला नेमके काय साधायचे आहे, आज तू कोठे उभा आहेस, कोणत्या वाटा मोकळ्या आहेत, त्यांपैकी तू काय करणार, असे कोणी चिकाटीने विचारत राहिले तर माणूस स्वतःच्या उत्तरापाशी पोहोचतो. आणि स्वतःचे उत्तर तो सहसा टाकून देत नाही. मराठीत याला शब्द सापडत नाही. वस्ताद डाव दाखवतो, गुरू मंत्र देतो, मार्गदर्शक नावाप्रमाणे मार्ग दाखवतो. वाट न दाखवता चालायला लावणाऱ्याला आपण काय म्हणणार?

शब्द नसला तरी तसा माणूस मात्र याच तालुक्याने पाहिला आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावचा. परंतु ते वाढले मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला, मामांच्या घरी. गुरे राखली, शेती केली, भजनात रमले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस-मद्याची पंगत न घालता गोड जेवण वाढले. नेतृत्वाचा तो पहिला धडा म्हणता येईल, कारण तेथे रोष पत्करायचा होता तो आपल्याच माणसांचा. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडले. पुढचे गाडगेबाबा आपणांस ठाऊक आहेत.

बाबा निरक्षर होते. पण त्यांच्या कीर्तनाची रचना पाहावी. देव किती, असे ते विचारत. एक, असे श्रोते म्हणत. मग गावातल्या दैवतांची मोजदाद ते श्रोत्यांच्याच तोंडून करवून घेत, आणि विसंगती श्रोत्यांना स्वतःलाच उमगे. कर्ज, नवस, बोकडाचा बळी, मुलांची शाळा, साऱ्यांचा निवाडा असाच समुदायाकडून वदवला जाई.

तरीही बाबांना 'कोच' ठरवण्याचा उतावीळपणा आम्ही करणार नाही. आधुनिक कोचच्या प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःला माहीत नसते, निदान नसावे अशी अपेक्षा असते. बाबांना उत्तर पक्के माहीत होते. शिवाय कोच शुल्क घेतो आणि एकेका व्यक्तीच्या उत्कर्षासाठी काम करतो. बाबांसमोर ज्यांना 'करिअर' हा शब्दच परका होता असा समाज बसलेला असे. साम्य शोधायचे तर ते दुसरीकडे आहे. गावात शिरताच बाबा खराटा हाती घेत. आधी एकटे झाडत. मग पाहणाऱ्यांपैकी कोणी पुढे येई, मग आणखी कोणी. त्यात पुढाकार कोण घेतो, हे हुकमाविना ठरे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते सोडून देणे. १९०८ मध्ये पूर्णेवर घाट झाला, १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा झाली, १९२५ मध्ये मूर्तिजापूरला गोरक्षणाचे काम, धर्मशाळा आणि विद्यालय उभे राहिले. बाबा कोठेच मालक म्हणून बसले नाहीत. बायकोमुलांनाही त्या वास्तूंत आसरा दिला नाही. कारभार विश्वस्तांकडे सोपवून ते पुढच्या गावी निघत. पंढरपूरची वास्तू १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका केवळ विनयाची नव्हती. जो शिष्य धरून ठेवतो त्याच्याकडे कार्यकर्ते तयार होत नाहीत, हा व्यवहार तिच्यामागे होता. आजच्या कोचिंगची कसोटीही हीच आहे: अमुक बैठकांनंतर माणूस कोचवाचून चालू लागला का?

हे सारे सुचले त्याला एक निमित्त झाले. एका महाविद्यालयात 'नेतृत्वविकास' कार्यशाळेला बसण्याचा योग आला. वक्ते दोन तास बोलले. आसपासच्या खेड्यांतून एसटीने आलेली मुले वह्यांत उतरवून घेत होती. शेवटी 'काही शंका?' असे विचारले गेले, आणि उत्तराची वाट न पाहता आभारप्रदर्शन सुरू झाले. मागच्या बाकावरची एक मुलगी अर्धवट उठली होती, ती पुन्हा बसली. तिला काय विचारायचे होते, हे आम्हीही विचारले नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या वसाहतीत बाबांचे कीर्तन झाले. सहाच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ ते गेले. त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. बाबा विचारतात, आणि समुदाय उत्तर देतो.