नजर मंदावल्यावर लांब रायफल

अमेरिकेची लांब रायफल 'केंटकी रायफल' म्हणून गाजली. हे नाव रूढ झालं ते मुख्यतः 1815 च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर लोकप्रिय झालेल्या एका गाण्यामुळे. जन्म मात्र पेनसिल्व्हेनियातला, लँकेस्टरच्या आसपासचा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषक कारागीर तिथे स्थायिक झाले. मायदेशातली त्यांची शिकारी रायफल आखूड आणि मोठ्या तोंडाची होती. इथे नळी वाढत वाढत 42 ते 46 इंचांवर गेली आणि तोंड लहान झालं. कारण साधं होतं. शिकारी महिनोन्‌महिने रानात राहायचा, तेव्हा एका शेर शिशातून जितक्या जास्त गोळ्या निघतील तितकं बरं!

ही बंदूक हाताने घडवणारे आजही आहेत. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या कारखान्यात वॉलेस गस्लर यांनी अख्खी रायफल हाताने केली आणि 1969 मध्ये त्यावर माहितीपटही निघाला. पण आज मला बोलायचंय ते या कामातल्या डोळ्यांबद्दल. हे हुन्नर अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि ते मुरेपर्यंत चाळिशी येऊन ठेपते. आपल्याकडे वयालाही चाळिशी म्हणतात नि चष्म्यालाही, ते उगाच नाही.

मग नजर गेली की काय काय जातं? सगळंच जात नाही. नळीच्या आत आटे पाडण्याचं काम घ्या. लाकडी दांड्यावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. त्या दांड्याला जोडलेली सळई नळीतून ओढायची, तिच्या टोकाशी एक छोटं पातं. प्रत्येक फेरीत केसाएवढा कीस निघतो. कापणं थांबलं की पात्याखाली कागदाचा कपटा सरकवायचा, की पुन्हा चावा धरतं. हा चावा दिसत नाही, हाताला कळतो. पोलादी चाप लाकडात बसवतानाही तसंच. त्याला काजळी फासून खाचेत दाबतात आणि डाग पडेल तिथलं लाकूड तासतात. काळा डाग अधू डोळ्यालाही दिसतो.

नळी सरळ करणं मात्र अवघड. आतून ताणलेला दोरा आणि नळीची भिंत यांच्यामधली उजेडाची फट पाहत हातोडा मारायचा. आणि सगळ्यात मोठी पंचाईत चापाच्या कमानीची. तिला पाणी दिल्यावर पुन्हा तापवतात, तेव्हा पोलादावर आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. निळ्यावर थांबायचं. आता मोतीबिंदू नेमका काय करतो? पुढ्यातलं सगळं पिवळसर करतो, निळा गिळतो. कारागीर चुकीच्या रंगावर थांबला की कमान तडकते किंवा मऊ पडते. यावर जुनाच तोडगा आहे: कमानीला तेल लावून ते पेटवून जाळायचं, किंवा ती वितळलेल्या शिशात बुडवायची. शिसं वितळतं 327 अंश सेल्सियसला, म्हणजे त्या निळ्याच्या जवळपासच. मग रंग पाहावा लागत नाही.

उरलं पितळेवरचं नक्षीकाम. ते दुसऱ्याकडे दिलं, तयार नळी विकत आणली, तर 'ही हातची नव्हे' असं नाक मुरडणारे भेटतात. मला हा सोवळेपणा पटत नाही. लँकेस्टरचे उस्ताद स्वतः इंग्लंडहून आलेले चाप सर्रास वापरत. हाताखाली उमेदवार असत, आणि जाडंभरडं काम त्यांच्याकडेच जाई. एकट्याने सगळं करायचं, हा हट्ट अलीकडचा.

शेवटी नेम. मागची माशी, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर एकाच वेळी नजर ठरवावी लागते. म्हाताऱ्या डोळ्याला जवळची माशी धूसर दिसते. मग ती नळीवर चार-सहा इंच पुढे सरकवतात. लांब नळीवर तेवढी जागा असतेच.